तीन नंबरचा बावटा

सकाळी साडेसहाला
मी स्वतःच दोरी ओढून बावटा चढवला.
शिपाई रजेवर, त्याच्या मुलीचा साखरपुडा.
दोरी ओली होती, तिचा पीळ तळहातावर उमटला.
धक्क्यावरून चोगले शेठ ओरडले,
"ओ ताई, साहेब आले की विचारा हां,
खरंच लावायचाय की कसं!"

साहेब मीच.
हर्णैला येऊन चौदा महिने झाले.
दारावर पाटी आहे: बिल्किस याकूत, बंदर निरीक्षक.
पाटीखालच्या बाकावर बसून माणसं
साहेबांची वाट बघतात.

पहिल्याच आठवड्यात कस्टमचा कोणी आला,
हातातली बॅग माझ्याकडे देत म्हणाला, दोन चहा सांगा.
सांगितले.
एक त्याच्यापुढे ठेवला, एक माझ्यापुढे,
आणि खुर्चीत बसले.
त्याचा अर्धा तसाच राहिला, साय धरून.

मग विचारतात,
मॅडम, मूळच्या कुठल्या?
मुरूडच्या.
तसं नाही हो. मूळच्या?
नजर केसांवर.
मी सांगते, घरामागे सुपारीची बाग होती, चौऱ्याऐंशी झाडं,
निसर्ग वादळाने त्यातली एकोणीस ठेवली.
त्यांना झाडं नको असतात.
त्यांना ते गलबत हवं असतं
ज्यातून आम्ही कधीकाळी उतरलो.
कोणी फारच सभ्य असला तर म्हणतो,
तुमचे लोक म्हणजे शूर, किल्ला राखला तुम्ही!
आणि फाइल सरकवतो
शेजारच्या टेबलावर, मुळ्ये क्लार्ककडे.

गोपनीय अहवालात लिहिलंय:
काम चोख. नोंदी स्वच्छ. स्वभाव तापट, आवाज चढा.
माझ्याआधी इथे दळी साहेब होते.
त्यांनी धक्क्यावरून खलाशाला घातलेली शिवी
पार सुवर्णदुर्गाच्या तटाला लागून परत यायची.
त्यांच्या अहवालात: करडी शिस्त.
मी आवाज खाली आणून पाहिला वर्षभर.
शेरा आला, नेतृत्वगुण कमी.
क्षीरसागर मॅडम, खात्यातल्या एकुलत्या वरिष्ठ बाई,
प्रेमानेच म्हणाल्या होत्या,
केस सरळ करून घे गं, फोटोत बरं दिसतं.

तर त्या सकाळी
सात वाजून अकरा मिनिटांनी
चोगले शेठनी रत्नागिरीला फोन लावला.
स्पीकरवर, सगळ्यांना ऐकू जाईल असा.
पलीकडे मोठे साहेब, झोपेतल्या आवाजात:
"तीनचा लावलाय ना तिने? मग? बोटी आत घ्या!"
हां साहेब. होय साहेब.
लगेच दोर पडले, नांगर पडले.
तेवढ्यात दोन बोटी किल्ल्यापलीकडे गेलेल्या.

वायरलेसवर एकीचा म्हातारा तांडेल, हरेश्वर पावसे,
एवढंच म्हणाला, "बाई, तुमी सांगताव ना? वळवतो."
दुसरीवर कोणी उचललंच नाही.
ती रात्री अडीचला आली.
जाळं गेलेलं, केबिनची काच गेलेली,
एका पोराचा हात खांद्यातून निखळलेला.
त्याला जीपमध्ये मीच घातलं.
दापोलीपर्यंत तो मला मावशी म्हणत होता.

महिन्याच्या बैठकीत ठरलं,
इशारा वेळेत पोचला नाही.
चोगले शेठ छताकडे बघत होते.
मोठे साहेब म्हणाले, पुढच्या वेळी जरा ठामपणे सांगत जा.

परत येऊन वही उघडली.
बावटा चढवला: ०६.३०. सही माझी.
बोटी आत घेतल्या: ०७.११ नंतर.
शेऱ्याचा रकाना कोरा. दळींच्या काळापासून कोराच.
मी लिहिलं: एक्केचाळीस मिनिटं.
कशाची, तेही लिहिलं. नावांसकट.

मुळ्ये मान तिरकी करून वाचत होते.
मॅडम, म्हणाले, हे लिहायची इथे पद्धत नाही.
आणि वही मिटायला हात पुढे केला.

थांबा, मी म्हटलं.
शाई वाळू दे.