एकशे ऐंशी रियाल

सोहारला ऑगस्टात रात्री अकरालाही भिंत गरम असते.
हात टेकवून बघतो, मग हिशेबाला बसतो.
एकशे ऐंशी रियाल. बोनसमधले,
मंजिरीला सांगून बाजूला ठेवलेले,
म्हणजे चोरीचे नाहीत.

आधी काय बदलू?
नौशाद म्हणतो, डॅक.
तुझा डॅक म्हणजे नुसतं वरचं पाणी, डाळ तळाशीच राहते.
(तो हे त्याच्या हिंदीत म्हणतो, मला मराठीत ऐकू येतं.)
क्षीरसागर म्हणतात, पॉवर सप्लाय.
चार्जरच्या विजेत घाण असते, ती सुरात उतरते.
ते रिफायनरीत वीजच बघतात,
त्यांना जेवतानाही घाण वीज दिसते.
दुकानातल्या सुदानी पोराने काउंटरवर केबल उलगडली,
गारुड्याने टोपलीचं झाकण काढावं तशी,
म्हणाला, ही लावा, पडदा हटेल.
पंचावन्न रियाल.
मी हातात घेऊन पाहिली. जड होती.
जड वस्तू खरी वाटते, हा माझा जुना दोष.

मी इन्स्ट्रुमेंटवाला.
काटा खोटं बोलतोय की नळी तुंबलीय
हे शोधण्यावर माझी भाकरी.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची,
नाहीतर गुन्हा कुणाचा ते कळत नाही.

कसोटीला एकच रेकॉर्डिंग.
कुठल्याशा गावातली खाजगी बैठक, कधीची कोण जाणे,
स्ट्रीमिंगवर कुणीतरी नीट नावही न देता चढवलेली.
मारवा.
तिसऱ्या मिनिटाला बाई कोमल रिषभावर थांबून राहतात,
षड्ज देत नाहीत,
आणि तिथे, मंजिरी म्हणते,
तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीचं काकण भोपळ्याला लागतं.
किण्.
तिला ते मोबाइलवर ऐकू आलं, कांदा चिरताना.
मला नाही.
म्हणून तर हा सगळा खटाटोप.

नौशादचा डॅक दोन दिवस उसना आणला.
बाई अर्धं पाऊल पुढे आल्या. काकण नाही.
वायफाय सोडून तार ओढली,
बाथरूमच्या चौकटीवरून, टेपने चिकटवत.
बाई होत्या तिथेच. मंजिरी दोनदा अडखळली.
मग कामावरचं मीटर आणून खोली मोजली:
खिडकीतला एसी एकटाच अठ्ठेचाळीस डेसिबल.
बंद केला.
बनियन भिजून पाठीला चिकटला
आणि बाईंचा श्वास ऐकू आला,
नाकातून घेतलेला, रिषभाच्या अगदी अलीकडे.
फुकटात.
काकण नाही.

गुरुवारी कंपनीची वार्षिक तपासणी.
काचेच्या खोलीत बसवतात, आवाज आला की बटण दाबा.
मी बराच वेळ काही न दाबता बसलो होतो,
वाटलं, मशीन बंद पडलंय.
नर्स मारिसेलने कागद पुढे सरकवला.
दोन रेघा. तीन हजारांपर्यंत शहाण्यासारख्या,
मग अंधारात पायरी चुकावी तशा खाली,
डावी जास्त.
कॉम्प्रेसर हाऊस? तिने विचारलं.
चौदा वर्षं.
इअरमफ?
कधी कधी.
चौदा वर्षं मी दुसऱ्यांचे काटे शून्यावर आणत होतो.

घरी येऊन कागद लगेच दाखवला नाही.
आधी डावा स्पीकर वीतभर पुढे ओढला,
उघड्या फरशीवर सतरंजी टाकली,
काहीतरी केल्यासारखं.
मग दाखवला.
तिने दोन्ही बाजू वाचल्या, मागची कोरी होती तरी.
उठून एसी बंद केला.

पैसे अजून पाकिटात आहेत.
डॅक उद्या परत द्यायचा.
त्या जड केबलवरून मन पुरतं उठलंय असंही नाही.

ती शेजारी बसली, माझं मनगट मांडीवर घेतलं.
बाई रिषभावर आल्या, थांबल्या,
तिने नख टेकवलं.
इथे.
परत लाव, म्हणालो.
परत तिथेच.
चौथ्या वेळी मीच आधी म्हणालो, आता.
घाई केलीस, ती म्हणाली.
अजून नाही.