सावल्या बंद

अक्काचा डिप्लोमाचा लॅपटॉप.
डाव्या बिजागरीला एम-सील,
एंटरचं बटण झिजून गुळगुळीत.
चिकोडीला नांदायला जाताना तिनं
पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला
आणि म्हणाली, जपून रे, तापतंय ते.

गाडीचा गेम. घाटरस्ता,
डाव्या हाताला दरी.
सेकंदाला अकराच चित्रं.
मी आधी दरीत असतो
आणि वळण नंतर दिसतं.

बसवरच्या कानडी पाट्या मी अशाच वाचतो,
शाळेत इतकी वर्षं कानडी असूनही.
एकेक अक्षर लागेतोवर
बस तिसऱ्या गेटच्या पुढं गेलेली असते.

गणपतीत मंडपाला कापड ठोकून
साडेतीन हजार साठवले.
लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला,
तापलेलं पोर न्यावं तसा,
खडेबाजारात जिना चढून
ईराण्णा कम्मारच्या टेबलावर ठेवला.
म्हटलं, ग्राफिक्स कार्ड मोठं बसवा.

"आगंगिल्ल," तो चष्म्यावरून म्हणाला,
मग माझ्यासाठी मराठीत,
"येत न्हाई ओ. चिप बोर्डालाच झाळलेली असतीय.
काढून दुसरी लावायला बल्ब हाय काय तो?
बाहेरनं जोडायचं एक मिळतंय,
पण त्या पैशात दुसरा लॅपटॉप येतोय."

झाळलेली.
हा शब्द मी आजवर
पितळी घागरीपुरताच ऐकला होता.

तरी त्यानं पालथा घातला.
अकरा स्क्रू, त्यातला एक भलत्याच जातीचा.
पाठ उघडली,
तर पंख्याच्या पात्यांवर काळं घोंगडं.
ईराण्णानं चिमटीत धरून चोळलं,
वास घेतला.
"ही नुसती धूळ नव्हं. फौंड्रीची वाळू ही.
घरात कोण उद्यमबागला?"

बाबा.

टेबलामागं खुंटी,
खुंटीला बाबांचा कामाचा शर्ट.
नऊ वर्षं हा पंखा
अक्काच्या सबमिशनच्या रात्रींत
आणि माझ्या गेमच्या रात्रींत
त्या शर्टातनं श्वास ओढत होता.

ब्रशनं झाडलं. वाळून खडू झालेली जुनी पेस्ट
खरवडून नवी लावली, हरभऱ्याच्या डाळीएवढी.
रिकाम्या खाचेत रॅमची दुसरी पट्टी.
"एका बैलावर नांगरत होतास," म्हणाला.
दोन हजार सहाशे. पन्नास सोडले.

घरी येऊन मी हे सगळं हसत सांगितलं.
सांगायला नको होतं.
बाबांनी जाळीपाशी तळहात धरला,
साचा निवला का बघतात तसा,
म्हणाले, "गार हाय आता,"
आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी खुंटी मोकळी.
शर्ट अंगणात, तारेवर.

मग मी सेटिंगला बसलो.
गवत बंद.
धूर बंद.
तळ्यातलं आभाळ बंद.
सावल्या बंद.
अठ्ठावीस. कधी एकतीस.
वळण वळणाच्या वेळेला यायला लागलं.

बाबा बशीतला चहा घेऊन मागं उभे.
"गाडीला सावली न्हाई व्हय?"
"बंद केलीय. लोड येतोय त्याचा."
"हं."
बशी रिकामी झाल्यावर,
"ऊन तर पडलंय की पण."

त्याला उत्तर नव्हतं. मी पुढचं वळण घेतलं.

रात्री पाणी प्यायला उठलो.
शर्ट दवानं जड झालेला,
बाह्या खाली ओघळलेल्या.
दोनदा झटकला. तरी हाताला करकर लागलीच.
आत आणून खुंटीला लावला
आणि लॅपटॉप उचलून
स्वयंपाकघरात नेला, पिठाच्या डब्यापासून लांब,
फडताळाच्या कडेला.

तिथं प्लग नाही.
बॅटरी पंचवीस मिनिटं टिकते.
तेवढ्यात घाट उतरून होतो.