डावा कोपरा

पेटी टेबलावर ठेवत अश्फाक मणियार म्हणाला,
मॅडम, बारा नळ्या, बाराही पेटतात, झालं काम.
मी म्हटलं, पेटणं वेगळं, सारखं पेटणं वेगळं.
हसला. त्याला ठाऊक आहे,
अंबडच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
मी गेजांना खरं बोलायला लावत होते.

आता सिडकोतली मागची खोली,
खिडकीला काळा कागद,
हिरवा क्षार, लाल क्षार, समसमान,
ब्रशाने ओढलेला पिवळट लेप.

उन्हात छापता येतं, येतंच की.
पण इथलं ऊन मनाचं राजं,
मार्चात चार मिनिटांत कागद करपवतं,
श्रावणात पांडवलेण्यांमागे दडी मारून बसतं.
म्हणून पेटी. म्हणून ही पट्टी,
एकवीस पायऱ्यांची, काचेसारखीपासून काळ्या कुट्टपर्यंत.

आमच्या गावाला हे मोजमाप नवं नाही.
पूर आला की आकडा कोण विचारतो?
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला,
एवढ्यावर भांडीबाजार आवराआवर करतो.
तसंच इथे. निळं कितव्या पायरीला लागलं, ते बघायचं.
दोन शेजारच्या निळ्यांत भेद उरला नाही
की थांबायचं.
त्यापुढचा उजेड नुसता बिलात.

पहिल्या दिवशी अकरा मिनिटं.
दुसऱ्या दिवशी त्याच अकरा मिनिटांत दीड पायरी कमी.
संध्याकाळी सातला व्होल्टेज दोनशे पाचवर येतं,
गल्लीभर मोटारी पाणी चढवत असतात.
म्हणजे घड्याळ धरून उपयोग नाही,
उजेडच मोजायला हवा. वाटाण्याएवढा सेन्सर लावला,
नळ्यांना तीन मिनिटं तापू दिलं,
वहीत रेघा मारल्या.

मग काचेखाली नऊ जागी नऊ तुकडे.
आठ एकमेकांची भावंडं.
डावीकडचा खालचा, दोन पायऱ्या फिका.

आणि मला तो फोटो आठवला.

एक्याण्णव साल, कारखान्याचं गेट, दुसरी पाळी.
गेल्या महिन्यात छापला तेव्हा सगळे नीट उतरले,
डाव्या कोपऱ्यातला दगू गांगुर्डे तेवढा
धुक्यातून आल्यासारखा.
मी म्हटलं होतं, निगेटिव्हच तिथे बिघडलेली असणार.
म्हटलं होतं.

चौऱ्याण्णवला तीनशे बुशिंग रिजेक्ट झाली.
अहवालात लिहिलं, कामगाराचा हात बसत नाही.
खाली माझी सही, निळ्या शाईत, अगदी सुवाच्य.
आठ महिन्यांनी कळलं,
गेजच दोन शतांश जास्त दाखवत होतं.
गेज दुरुस्तीला गेलं.
दगू त्याच्या कितीतरी आधी गेला होता.

अश्फाकने कडेची नळी बदलली.
जुनी कानाशी हलवून म्हणाला,
पेटत तर होती बिचारी.

आज पुन्हा छापला. बादलीत पाणी पिवळं झालं,
मग हिरवट, मग स्वच्छ,
आणि दगू वर आला, खिशाला पेन,
शर्टाचं वरचं बटण उघडं,
हसतोय की उन्हाने डोळे बारीक केलेत,
ते मात्र कुठल्याच पायरीवर कळत नाही.

दोरीवर टांगलाय. अजून ओला आहे.
निळं वाळताना आणखी गडद होतं,
ओल्यावर नोंद करायची नसते.
सकाळी बघते.
पिंपळगावला मुलाकडे असतो म्हणे तो.
पहिली बस किती वाजता आहे, तेही विचारते.