नापास पाठ

दाफेनच्या आमच्या बोळात दोन इमारतींमध्ये
जेमतेम दोन हातांचं अंतर, आणि त्या अंतरात
दोरीवर वाळत असतात बायका.
कपडे नव्हेत, बायकाच.
पाठमोऱ्या, कमरेखाली चादर, केस वर बांधलेले,
साठ बाय नव्वद सेंटिमीटर.

मी चौकटी ठोकतो, कॅनव्हास ताणतो,
मागून पिना मारतो.
शुफेन समोरून रंगवते.
म्हणजे त्या बाईची पाठ बायकोच्या वाट्याला
आणि पाठीची पाठ माझ्या.

कोण होती ती? पॅरिसमधली कुणीतरी,
दीडशे वर्षांपूर्वी शिकाऊ पोरांपुढे
तासाच्या बोलीवर बसलेली.
नाव कुठे नोंदलेलं नाही.
शुफेन म्हणते, शेगडी तिच्या डाव्या अंगाला असणार,
डावीकडची कातडी गुलाबी आहे,
उजवीकडे किंचित निळी, गारठलेली.
एवढंच आम्हाला तिच्याविषयी ठाऊक.
तिच्या पोरांना तरी एवढं ठाऊक होतं का?

महिन्याला चाळीस.
आधी आठ कॅनव्हासांवर एकदम मानेची सावली,
मग आठांवर कण्याची पन्हळ,
मग कमरेवरच्या त्या दोन खळग्या,
ज्यांत अंगठा टेकवून ती जास्तीचा रंग पुसते.
अकरा वर्षांत ती पाठ शुफेनला पाठ झालीय.
हॉटेलं घेतात. दंतवैद्य घेतात.
एकाने लिहिलं होतं, आमचा सोफा मोरपंखी आहे,
कातडी त्याला जुळेल अशी करा.
केली.

या वर्षी वसंतोत्सवाच्या सुट्टीआधी
एक पाठ नापास झाली.
पाठवण्याआधी गिऱ्हाइकाला फोटो जातो.
रॉटरडॅमजवळच्या कुण्या बाईंचं उत्तर आलं,
एजंट ख्वांगने दारातच मोठ्याने वाचलं:
उजवा खांदा उतरलाय.
पाठ दमल्यासारखी दिसते.
बैठकीच्या खोलीत प्रसन्न काहीतरी हवं होतं.

शुफेन काही बोलली नाही.
त्याच रात्री दुसरी काढली, प्रसन्न.
नापास झालेली मी घरी आणली,
चौकटीचं लाकूड बरं होतं म्हणून,
आणि तांदळाच्या डब्यावर टांगली,
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या खिळ्याला.
इतक्या पाठी गेल्या या हातांतून
जगभरच्या भिंतींवर,
आमच्या भिंतीवर ही पहिली.

हुनानहून आई आली होती, मोतीबिंदू काढायला.
मला वाटलं, उघडी बाई बघून तोंड फिरवेल.
ती जवळ गेली. एक डोळा पट्टीखाली,
दुसऱ्याने खालून वर निरखत राहिली,
बाजारात तागडीचा काटा बघते तशी.
म्हणाली, ही कसली फिरंगीण!
हिने कावड वाहिलीय.
उजव्या खांद्यावर, पोरवयात, चढणीला.

मी शुफेनकडे पाहिलं.
ती वांगी चिरत होती,
पाठमोरी.

त्या पाठीला रोज रात्री मी तेल चोळतो,
हिरव्या बाटलीतलं, कापराच्या वासाचं.
सतरा वर्षं चोळतोय.
माझे हात तेव्हा बहुतेक
उद्याच्या चौकटी मोजत असतात.

दिवा मालवल्यावर विचारलं,
आरशात बघून काढलीस?
आपल्याकडे एवढा मोठा आरसा कुठाय, म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने, मला वाटलं झोपली, तेव्हा:
दिसत नाही. दुखते.
दुखलं तिथे ब्रश थांबला, बस.

सकाळी उठलो तर चित्रावर
आईने आपला टॉवेल टाकलेला.
मी काढायला गेलो.
राहू दे, म्हणाली, खिडकी नीट लागत नाही तुमची.
उजवी बाजू बघ कशी गार पडलीय तिची.