प्रश्न सातवा

हायासे नदीच्या पुलाखाली, जून लागला की,
मी मासेमारीचे दिवसाचे परवाने विकते
आणि परवान्यासोबत एक कागद देते.
दहा प्रश्न, पेन्सिल दोरीला बांधलेली.
सातवा प्रश्न : नदी कशी आहे?
एक ते पाच, गोल करा.

माशाचं नाव आयू.
आयुष्य एका वर्षाचं.
दगडावरचं शेवाळ खातो, आणि ज्या दगडावर खातो
तो दगड आपला म्हणतो.
दुसरा कुणी आला की धडक देतो.
म्हणून इथे गळाला किडा लावत नाहीत,
जिवंत आयूच लावतात, नाकात वेसण घालून,
आणि सोडतात दुसऱ्याच्या दगडावर.
भांडायला येतो तो अडकतो.

निशिगाकी, निवृत्त पोस्टमन, नऊ मीटरची काठी.
सातव्याला पाच.
गोल इतका दाबून की कागद फाटला.
"सकाळपासून एकतीस! अजून काय पाहिजे नदीकडून?"
त्याच्या डब्यातले एकतीस मी पाहिले.
एप्रिलमध्ये टँकरमधून आले होते ते,
दूरच्या तलावातले, संस्थेने किलोवर घेतलेले.
पावती माझ्याच फाइलला आहे.
तलावाचे मासे तापट, चटकन चिडतात, चटकन लागतात,
त्यांची पिल्लं मात्र समुद्रात तगत नाहीत.
हे मी त्याला बोलले नाही.
तशी सूचनाच आहे :
उत्तर देणाऱ्याला उत्तर सुचवू नये.

कानेमात्सु वरच्या वळणावरचा.
शून्य नाही का, असं विचारून, एक.
"पाणकावळ्यांनी खाल्ली नदी.
दगड बघ, एकसुद्धा चकाकत नाही."
पाणकावळे मोजले होते आम्ही. चौदा.
आणि अहवालात त्याच वळणाचं पाणी उत्तम,
प्राणवायू भरपूर.
पण दगडांचं त्याने बरोबर पाहिलं होतं.
वर धरणाचे दरवाजे बसले, तेव्हापासून पूर नाही,
दगड कूस बदलत नाहीत,
शेवाळ जागच्या जागी म्हातारं होतं.

शिगेनोबाई आता मासे धरत नाहीत,
नुसत्या बाकावर येऊन बसतात.
त्यांनी आकडाच दिला नाही.
"मे महिन्यात रात्री खिडकी उघडली
की वास यायचा, कलिंगड कापल्यासारखा.
कुणी अख्खी नदीच कापली आहे असा."
वासाला रकाना नाही.
मी समासात लिहिलं, बारीक अक्षरात.
वरच्या कार्यालयात समास स्कॅन होत नाहीत.

आपापल्या दगडावर प्रत्येकजण.
मी पेन्सिल पुढे करते
आणि वाटतं, प्रश्नालाच वेसण घातली आहे मी.
धडक येतेच.

ऑक्टोबरात, रात्री नऊला, पुलाखालच्या धारेत
आम्ही बारीक जाळी लावली.
अंड्यातून निघालेली पिल्लं याच वेळी
समुद्राकडे वाहत जातात, पोहता न येणारी.
निशिगाकी कंदील धरायला आला होता, आपणहून.
जुन्या वहीत, कुणाच्या तरी सुबक अक्षरात :
तासाला नऊशे बारा.
आमच्या पांढऱ्या बशीत
केसाएवढी, आरपार, नुसते डोळे असलेली
चार.
त्याने चष्मा काढला, पुसला, घातला.
पुन्हा मोजली. चारच.
"यातली माझ्या एकतिसांची किती?"
एवढ्या लहानपणी सांगता येत नाही, मी म्हटलं.
"अगं मग ओत ना लवकर."
ओतली. समुद्र तिथून अठरा किलोमीटर.
तो कंदील घेऊन काठाकाठाने थोडा चालला,
त्यांना दिसावं म्हणून असेल,
किंवा गाडी त्या बाजूला होती म्हणून.

पुढच्या जूनमध्ये आला. परवाना घेतला, कागद घेतला.
सहाव्यापर्यंत भराभर.
मग पेन्सिल थांबली. मागे रांग.
"नदी म्हणजे," त्याने विचारलं,
"कुठवर धरायची?"

मी कागद उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.