पावतीपुस्तक

सावळजच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात
मधल्या सुट्टीनंतर खिडकीखाली सौदा निघतो.
चिंचोके म्हणजे बेदाणा.
हे मी ठरवलेलं नाही.
मी दुकान मांडून दिलं होतं,
साबणाची वेष्टनं, काडेपेट्या, रिकामे डबे.
ते दोन दिवसांत बंद पडलं.
"दुकानात काय हाय बाई," यशराज म्हणाला,
"सौदा काढूया की."

मग चपलांची खोकी पेट्या झाली,
पोषण आहाराची ताटं नमुन्याला आली,
गौतमी कांबळे रुमाल खांद्यावर टाकून
अडत्या झाली.
भाव बोलताना पोरांचे आवाज बापांवर जातात.
चिंचोका दाताखाली धरतात,
थुंकतात, तोंड वाकडं करतात:
"रंग हाय. गोडी न्हाई."

मी केलं ते एवढंच.
जुन्या हजेरीपत्रकाची पाठकोरी पानं
चतकोर फाडली, सुतळीत ओवली,
पेन्सिलीचा तुकडा बांधून
खिडकीच्या गजाला अडकवली.

मुबीन मुलाणी.
जूनपासून वहीत एक अ नाही त्याचा.
अ म्हटलं की बोट दुखतं,
मग पोट, मग पाणी प्यायला जायचं असतं.
तो झाला दिवाणजी.
पहिल्याच दिवशी सत्तावीस पावत्या फाडल्या त्याने.
पावतीवर काय, तर नागमोडी रेघ,
तिच्याखाली रेघ, मध्येच एक गोळा,
आणि शेवटी कागद फाटेस्तोवर ओढलेली सही.
डावीकडून उजवीकडे. मी नीट पाहिलं ते.
सही झाली की फुंकर.
फुंकर तर कुणीच शिकवली नव्हती.

केंद्रप्रमुख आले तेव्हा म्हणाले,
"आधी गिरवून घ्या हो. ही काय अक्षरं झाली?"
मी हो म्हणाले, चहा मागवला.
तेवढ्यात यशराजने त्यांना दोन पेट्या विकल्या.
मुबीनने दिलेली पावती
साहेबांनी घडी घालून खिशात ठेवली,
सवयीने,
पावती ठेवतात तशी.

गुरुवारी भांडण झालं.
गौतमी म्हणे पाच पेट्या, यशराज म्हणे तीन.
"पावती काढ!"
मुबीनने काढली.
उभी धरली, आडवी धरली,
दारात उजेडाला नेली.
काल हीच त्याने घडाघडा वाचली होती.
चाळीस डोळे त्याच्यावर.
मी खुर्चीतून उठले नाही.
उठावंसं फार वाटलं.

शुक्रवारी प्रार्थनेच्या आधीच तो दारात.
"बाई, पाच कसा काढायचा?
आन गौतमीचा ग?
गौतमीचाच. दुसऱ्या कुणाचा नको."
मी तळहातावर काढून दाखवला.
"याला खांब हाय," तो म्हणाला, "शेडला असतोय तसा."
त्याची आई त्या शेडमध्ये बेदाणा निवडते.
तिचे किलो मुकादम लिहून घेतो,
ती घरी येऊन पुन्हा बोटांवर मोजते.
हे त्याने पाच गिरवता गिरवता सांगितलं,
पाचाचं पोट उलटं वळलं म्हणून
मध्येच थांबून, खोडून,
पुढे सांगितलं.

आता मार्च सरत आलाय.
वारा फिरला की गंधकाच्या धुरीचा वास वर्गात येतो
आणि दोघं-तिघं खोकतात.
मुबीनचा अ अजून लंगडतो.
ग पक्का आहे. म आहे. वेलांटी येते-जाते.

काल मी सौद्यात उभी राहिले,
भाव जरा चढाच बोलले,
पैसे नव्हते.
मुबीनने कानामागची पेन्सिल काढली.
पावती माझ्या पर्समध्ये आहे, एसटीच्या पासामागे:

बाइ ३ पेटि उदार

ध आणि द सोमवारी सांगेन त्याला.
सोमवारी, नाहीतर मंगळवारी.