निशाणी

चाळीस वर्षं टपालखात्यात गेली माझी,
वाईट अक्षराला मी घाबरत नाही.
तरी हिएतायार्वीच्या त्या पाद्र्याने घाम फोडला.
बोटं गारठलेली असणार, शाईत पाणी,
दुष्काळात शाईलाही उपास.

सुरुवात घरच्या बायबलपासून.
पुठ्ठ्याच्या आत हेट्टा, माझी खापरपणजी,
तिची सात मुलं, चौघांवर काट,
आणि मध्येच कुठेतरी घडी घातलेली एक पावती:
'वाल्पुरी, हाइक्कीची मुलगी, मोलकरीण.
वर्षाचा पगार पोचला. अठरा मार्क, बुटांचा एक जोड.'
खाली सहीच्या जागी दंताळं काढलेलं,
पाच दातांचं, मधला दात नाही.

ही वाल्पुरी कोण, ते आईलाही ठाऊक नव्हतं.
भाऊ तौनो म्हणाला, असेल कुणी, फेकून दे.

सापडली ती मृतांच्या वहीत. मार्च अठराशे अडुसष्ट.
एका पानावर त्रेचाळीस माणसं.
कारणाच्या रकान्यात पहिल्या नावापुढे 'ताप',
मग खालपर्यंत नुसतं 'तेच', 'तेच', 'तेच'.
'वाल्पुरी, वय बावीस. रस्त्यावर मिळाली.
दाखला अंगरख्याच्या अस्तरात.'
बरं, म्हटलं, संपलं.

त्याच मे महिन्यात सुओलाहतीच्या वहीत
हेट्टा येते, युहोची मुलगी, दाखल्यासह.
दाखल्यावर शेरा: वाचन उत्तम.
पुढच्या वर्षीच्या परीक्षेत: अक्षरं जेमतेम लावते.
तिथल्या पाद्र्यालाही नवल वाटलं असावं,
समासात लिहिलंय, 'आजारात विसरली?'

मला पटलं होतं ते. उपाशी माणूस काय काय विसरतो.
मग चौऱ्याहत्तर सालचा गाय घेतल्याचा कागद हाती आला.
हेट्टाची निशाणी.
दंताळं. पाच दातांचं.
मधला नाही.

मी उठून कॉफी केली आणि प्यायची राहिली.

दोघी एका वाटेला लागल्या असतील,
झाडाच्या सालीच्या पिठाची भाकर अर्धी अर्धी,
एखाद्या गोठ्यात पाठीला पाठ लावून निजल्या असतील.
एकीचा अंगरखा जाड, एकीचा विरलेला.
पुढचं मला दिसत नाही.
तापाने फणफणलेल्या बाईवर हिने आपला पांघरला,
की गार पडलेल्या बाईचा उतरवून घेतला
आणि मेलेलीला उघडं कसं ठेवायचं, म्हणून आपला चढवला?
दिला की घेतला,
असा रकाना कुठल्याच वहीत नाही.
पावती मात्र तिने जपली. पन्नास वर्षं, परक्या नावाच्या घरात,
स्वतःचं नाव असलेला एवढाच कागद,
तोही धड वाचता येत नव्हता.

आमच्याकडे दर पिढीला एक हेट्टा असते.
मावशी हेट्टा, जी कुणालाच अंगरखा उसना देत नसे.
माझी नात हेट्टा, सात वर्षांची, घडाघडा वाचते.
तौनोने जुलैच्या मेळाव्यासाठी वंशवृक्ष छापायला टाकलाय.
त्याला मी अजून बोलले नाही.

काल युहोचं गाव शोधलं. उत्तरेला, सरोवरापलीकडे.
त्याच्या घराची नोंद एकोणनव्वदपर्यंत चालते,
नवं पान, नवा पाद्री, तेच वाक्य उतरवलेलं:
'मुलगी हेट्टा, सुओलाहतीस. सुखरूप.'

टपाल तेव्हा आठवड्यातून एकदा जात असे.